लाथ आणि नमस्कार

मामांची पहिली लाथ मला बसली ती कारखान्यात रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, आणि ती मी स्वतः मागून घेतली होती.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा कास्टिंगचा कारखाना. मी तिथे प्रशासन सांभाळते. जुन्या फायलींची पेटी कपाटावरून उतरवताना कमरेत अशी उसण भरली, की टेबलाला धरून काटकोनात उभी राहिले. ना वर, ना खाली. डॉक्टरांना फोन लाव, असं मी शिपायाला सांगत होते आणि तो म्हणत होता, "मॅडम, आधी स्टोअरला चला. मामा हायत की."

मामा म्हणजे आमचे स्टोअरकीपर. कारखान्यात त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. ते पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आलेले. अशा माणसाची हलकी लाथ कमरेला लागली की उसण जाते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण ऐकून ठाऊक असणं वेगळं आणि रोज सकाळी आठला स्टोअरच्या दारात रांग लागणं वेगळं. लोखंड उचलणाऱ्या माणसांचा कारखाना. कुणा ना कुणाची कंबर धरलेली असायचीच.

पद्धत ठरलेली होती. पोट उपाशी हवं. उंबऱ्यावर उभं राहायचं, तोंड उगवतीला, हात चौकटीवर. मामा उजव्या पायातली चप्पल काढणार, खांद्यावरच्या टॉवेलने तळवा पुसणार आणि तो तीनदा कमरेला टेकवणार. लाथ म्हणायची म्हणून म्हणायची. झोपलेल्या मुलाला उठवताना आपण हात लावतो, तेवढाच त्याचा जोर. बायकांसाठी मध्ये पुठ्ठा धरायचे. मी तशाही अवस्थेत विचारलं, "पुठ्ठ्यातून गुण जातो का, मामा?"

"वीज जात न्हाय. गुण जातोय."

आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यासाठी मामा माझ्या लक्षात राहिले. तिसऱ्यांदा पाय टेकवून झाल्यावर ते पुढे आले, कमरेत पूर्ण वाकले आणि माझ्या दोन्ही पायांना हात लावून तो कपाळाला नेला. माझ्याहून कितीतरी मोठा माणूस. मी दचकून मागे सरकले आणि सरकताना लक्षात आलं की मला सरकता येतंय.

"असं नका करू, मामा."

"माणसाला पाय लावलाय मॅडम. फेडाय नको?"

हे ते प्रत्येकाशी करत. झाडूवाला असो, कंत्राटी कामगार असो, नाहीतर माल घेऊन आलेल्या ट्रकचा क्लीनर. जितक्या लाथा, तितके नमस्कार.

दोन-तीन दिवसांत माझी कंबर मोकळी झाली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, साधी उसण बहुतेक वेळा आपोआपच जाते, फक्त हिंडतं-फिरतं राहायचं. मी ते मामांना ऐकवलं. त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

"जाती की आपोआप. पर जायच्या आधी कुणीतरी विचारपूस करावी म्हणून थांबून ऱ्हाती."

माझ्या कामांच्या यादीत तेव्हापासून एक ओळ होती : 'स्टोअरमधील लाथ – बंद करणे.' सुरक्षेच्या कुठल्याही नियमावलीत ती बसत नव्हती. ही ओळ मी दर वर्षी नव्या डायरीत इमानेइतबारे उतरवून घेत असे.

बंद न करण्याचं एक कारण असं, की मामा सरसकट लाथ मारत नसत. आधी चौकशी करत. पडलायस का? ताप हाय का? पायात मुंग्या येतात का? मांडीतनं खाली कळ जाती का? यातल्या एकाला जरी 'व्हय' आलं, तरी पाय चपलेतच राहायचा. "हाड आपलं न्हाय, शीर आपली न्हाय. आपलं फक्त लचक. जा दवाखान्यात." समोरचा कितीही गयावया करो. माझ्याकडून वैद्यकीय रजेचे जे अर्ज मंजूर होत, त्यातले अर्धे मामांनी हाकलून दिलेल्या माणसांचे असत.

दुसरं कारण आमचे साहेब, म्हणजे कारखान्याचे मालक. एकदा परदेशी गिऱ्हाईक पाहणीला यायचं होतं आणि त्याच सकाळी साहेबांची कंबर धरली. गाडीतून उतरले ते प्रश्नचिन्हासारखे. माझ्या केबिनपर्यंत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्या मामांना जरा वर बोलावता का?"

मामांनी निरोप पाठवला, "उंबरा हितं हाय. वर कसा आणू?"

साहेब स्टोअरला गेले. त्या दहा मिनिटांत कारखान्यातल्या प्रत्येक माणसाला स्टोअरमधून काहीतरी हवं होतं. कुणाला हातमोजे, कुणाला पाना, कुणाला नुसतीच सुतळी. युनियनचे पुढारी एक बोल्ट घ्यायला जातीने आले होते. साहेबांनी चौकट धरली. मामांनी चौकशी केली, तळवा पुसला आणि पाय उचलला. मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, जरा आमच्या वाटणीची बी."

"गप ए," मामा म्हणाले, "औषध हाय ते."

लाथ हलकीच बसली. मामा नेहमीप्रमाणे पाया पडायला वाकले. साहेबांना ही पद्धत माहीत नव्हती. एवढा वडीलधारा माणूस वाकतोय म्हटल्यावर तेही घाईने वाकले. दोघांची डोकी एकमेकांवर अशी आपटली, की आवाज पार दुसऱ्या टोकाच्या पॅटर्न शॉपपर्यंत गेला. साहेबांनी परदेशी गिऱ्हाइकाचं स्वागत सरळ कमरेने आणि कपाळावरच्या टेंगळाने केलं. त्यानंतर स्टोअरमधली लाथ बंद करा, असं वरून मला कुणी सांगण्याची शक्यता उरली नाही.

अशा माणसाची स्वतःची कंबर गेली.

सुरुवात मला कळली ती चपलेवरून. कंपनीच्या बसमधून उतरून फाटकापर्यंत चालताना मामांची उजवी चप्पल मागे राहायची. ते दोन पावलं अनवाणी जायचे आणि मग वळून यायचे. "सैल झालीया," म्हणायचे. नवी कापशी चप्पल घेतली. तीही मागे राहायला लागली. मग एक दिवस मामा धोतरावर नाडीचे बूट घालून आले. विचारायची कुणाची टाप नव्हती.

स्टोअरमध्ये मात्र निर्गुडीचा वास यायला लागला. मागच्या रॅकच्या पट्टीला ते दोन्ही हातांनी लोंबकळताना मला सापडले. "मापं बघतोय," म्हणाले. कमरेला पट्टा होता, पट्ट्यात तापवलेल्या मिठाची पुरचुंडी होती आणि मांडीपासून खाली पोटरीपर्यंत कळ जात होती. लाथ घ्यायला आलेल्यांना ते जे प्रश्न विचारत, ते सगळे मी त्यांना विचारले. प्रत्येकाला त्यांनी 'न्हाय' म्हणून सांगितलं. शेवटी मामींनीच मला फोन केला.

"मॅडम, ह्यास्नी रात रात झोप न्हाय. उशी पायात घालून बसत्यात. तुमचं ऐकतील."

माझं ते ऐकत नसत. पण रजा माझ्या हातात होती. मी त्यांना फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली मुलगी वारणानगरची, नुकतीच शिकून आलेली, अत्यंत गोड आणि अत्यंत कडक. पोटावर झोपून, हातांवर जोर देऊन छाती वर उचलायची, असा व्यायाम तिने दिला.

"हे तर नागोबा," मामा म्हणाले.

"हो काका. पण फणा हळू काढायचा. आणि पायातली कळ कमरेकडे वर सरकली तर घाबरू नका. ते चांगलं लक्षण."

"म्हंजे पावणं घराकडं परत निघालं."

"तसंच."

मामांना हा हिशोब पटला. स्टोअरच्या मागे पुठ्ठा अंथरून ते दिवसातून अनेकदा नागोबा व्हायचे. गॅस्केट मागायला आलेल्यांनी थांबायचं. आणि खरंच, कळ कमी झाली. महिन्याभराने तर जवळजवळ थांबलीच. मामांनी पेढे वाटले. पेढे वाटत फिरताना त्यांचा उजवा बूट फरशीवर फट्-फट् वाजत होता.

पेढा फिजिओच्या मुलीपर्यंत पोचला तेव्हा ती म्हणाली, "काका, जरा टाचांवर चालून दाखवा."

डावी टाच टेकली, चवडा वर राहिला. उजवा चवडा वर राहीनाच. तिने पेढा तसाच बाजूला ठेवला आणि त्याच दिवशी त्यांना मणक्याच्या सर्जनकडे पाठवलं.

एमआरआय झाला. सर्जन तरुण होते, मोजकं बोलणारे. त्यांनी फोटो उजेडात धरून दाखवलं : दोन मणक्यांमधली गादी सरकून पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसली आहे.

"पर दुखायचं थांबलंय की," मामा म्हणाले.

"तीच काळजी आहे. नस ओरडत होती, आता तिचा आवाज बसलाय. ऑपरेशन याच आठवड्यात करू. थांबलात तर पाऊल कायमचं असंच राहील. आणि मधेच लघवी अडली किंवा नकळत झाली, तर घड्याळ न बघता यायचं."

मग त्यांनी कामाबद्दल विचारलं. वजनं किती उचलता, दिवसातून किती वेळा वाकता. मामींनी सगळं सांगून टाकलं. रोजच्या लाथा आणि रोजचे नमस्कार. सर्जननी पेन खाली ठेवलं. "उभ्यानं, गुडघे ताठ ठेवून, असे कमरेतून?" मामींनी उठून नमस्कार करून दाखवला. "एकट्या नमस्कारांना दोष देता येणार नाही," ते म्हणाले. "वय आहे, स्टोअरमधली वजनं आहेत. पण कमरेच्या दृष्टीने याहून वाईट रोज काही करता येत असेल, असं वाटत नाही."

मामांना यातलं एवढंच ऐकू आलं, की लाथेत काही दोष नाही.

"डॉक्टर, ह्यो उजवा पाय हाय. ह्यात गुण हाय. तुम्ही कमरंत सुरी घालणार. गुण वरनं खाली येत असणार. मधीच तुटला म्हंजे?"

"मी नसेला हात लावत नाही. तिच्यावर बसलेला गादीचा तुकडा फक्त काढतो."

"आणि गुण त्या तुकड्यातच असला तर?"

सर्जननी चष्मा काढून पुसला. कॉलेजात हे शिकवलेलं नसतं.

बाहेर आल्यावर मामांनी जाहीर केलं, की पायाळूला पायाळूचीच लाथ पाहिजे. स्वतःला स्वतःची मारता येत नाही, एवढीच आजवर अडचण होती. गगनबावड्याला एक म्हातारी आहे, ती पायाळू आहे असं ते ऐकून होते.

मी सौदा केला. रविवारी मी माझ्या गाडीने गगनबावड्याला नेते. पायात फरक पडला तर मी ऑपरेशनचं नाव काढणार नाही. नाही पडला, तर सोमवारी सकाळी ॲडमिट. दवाखान्याची पिशवी भरून माझ्याच गाडीच्या डिकीत ठेवायची. मामींनी पिशवीबरोबर जेवणाचा डबाही ठेवला.

गगनबावड्यात पाऊस आणि धुकं असं, की रस्ता मला मामींनी काच खाली करून सांगितला. म्हातारीचं घर उतारावर होतं. ती चुलीपाशी बसली होती. डोळ्यांनी अधू, आवाजाने खणखणीत.

"कुठलं पावणं?"

"कागलाकडचं," मामा म्हणाले. "आजी, मी बी पायाळूच हाय."

"व्हय?" म्हातारी खांब धरून उठायलाच लागली. "देव पावला म्हणायचा. किती दिस झालं, माझी कंबर धरलीया. हितं पायाळू मी एकटी. गावाला मी मारती, मला कोण मारणार? ये बाबा. आधी मला मार."

आणि ती उगवतीकडे तोंड करून, खांबाला मिठी मारून उभी राहिली. पाठ आमच्याकडे.

मामांना नाही म्हणता येईना. त्यांनी बूट काढला, तळवा पुसला, भिंतीला हात दिला आणि पाय उचलला. मांडी वर आली, गुडघा वर आला, पण पाऊल वर येईना. ते घोट्यापासून ओल्या फडक्यासारखं खाली लोंबत राहिलं. लाथ तळव्याची लागते. मामांनी पुन्हा उचललं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या पावलाकडे असं पाहिलं, की मी नजर चुलीकडे वळवली. मामींनी पदर तोंडाशी नेला.

"मार की रं," म्हातारी म्हणाली. "किती वेळ खांब धरू?"

मामांनी उजवा पाय खाली ठेवला. मग डाव्या पायातला बूट काढला, तो तळवाही पुसला आणि डावा पाय तीनदा तिच्या कमरेला टेकवला. त्यानंतर नमस्काराला वाकले ते तिथेच अडकले. मी आणि मामींनी दोन काखांना धरून त्यांना सरळ केलं.

म्हातारी हळूहळू ताठ झाली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली. "हलकं झालं बघ."

"खरं सांगतीस?"

"खोटं कशाला सांगू? डोळ्यानं अधू हाय, कंबरंनं शाणी हाय. आता तुझं काय दुखतंय?"

मामांनी सगळं सांगितलं. तिने त्यांना बसवलं, उजव्या पावलावर वरून बोट दाबलं आणि विचारलं, "हितं कळतंय?"

"न्हाय."

"मग हे माझ्या पायाचं काम न्हाय, लेकरा. चहा पी आणि दवाखान्यात जा."

परतीच्या वाटेवर कळे गाव येईपर्यंत मामा आपल्या दोन्ही पावलांकडे आळीपाळीने बघत होते. मग म्हणाले, "डाव्यानं मारली मी."

"बघितलं."

"तिला गुण आला."

"आला."

"म्हंजे सगळं उजव्यातच न्हाय."

यावर मला बरंच काही बोलता आलं असतं. साधी उसण, आपोआप बरी होणं, मनाचा परिणाम वगैरे. पण दवाखान्याची पिशवी डिकीत होती आणि मामा स्वतःहून तिकडे निघाले होते. मी फक्त "न्हाय" म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे. कापला तर कापला. उद्या किती वाजता म्हणलासा?"

मागच्या सीटवरून मामी म्हणाल्या, "एवढं कळायला घाट चढाय लावलासा व्हय आम्हास्नी?"

ऑपरेशन झालं. ते तासा-दीड तासाचं असतं आणि दुसऱ्या दिवशी माणसाला चालवतात, हे मला माहीत होतं; मामांना भेटायला येणाऱ्यांना माहीत नव्हतं. कोल्हापूरकर माणूस दवाखान्यात एकटा येत नाही. पूर्ण पाळीच्या पाळी शहाळी घेऊन येऊन गेली. साहेब आले आणि पाया पडायला वाकणार तेवढ्यात मामाच म्हणाले, "लांबनं. डोकं जपा."

पण पाऊल जागचं हललं नाही. सर्जननी सांगितलं, नस मोकळी केली आहे, आता ती आपल्या चालीने जागी होईल. महिने लागतील. कदाचित पूर्ण होणारही नाही. चवडा उचलून धरणारा प्लास्टिकचा आधार मिळाला, तो बुटात घालायचा. कमरेतून वाकणं बंद. वाकायचंच तर गुडघ्यातून, पाठ सरळ ठेवून. वारणानगरच्या मुलीने ते शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मामांचे गुडघे अर्ध्या वाटेत असे वाजत, की शेजारचे पेशंट स्वतःचा व्यायाम थांबवून बघत.

मामी रोज सकाळी चहाचा कप दाखवून म्हणायच्या, "अंगठा." मामा पावलाकडे बघून जोर लावायचे. कपाळावर शिरा यायच्या, कान लाल व्हायचे, कधी डावा अंगठा हलायचा. उजवा ढिम्म. मग चहा मिळायचा. मी अधूनमधून फोन करायचे. मामांचा आवाज उतरत चालला होता. एकदा म्हणाले, "मॅडम, माझ्या जागी माणूस बघून ठेवा." मी म्हटलं बघते, आणि बघितला नाही.

मग एक दिवस हजेरीचं काम चालू असताना मामींचा फोन आला. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"हलला."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि पुढचा तासभर पहिल्या पाळीची हजेरी दुसऱ्या पाळीला लावत बसले.

मामा कामावर परत आले, तोवर पाऊल बऱ्यापैकी उचलत होतं. ते येणार हे आदल्या दिवशीच पसरलं होतं. सकाळी स्टोअरच्या दारात फेटलिंगचा, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या खात्यातला, एक गडी काटकोनात उभा. तो रात्रपाळी संपवून, मामांसाठी उपाशी पोटी थांबला होता. मागे बघ्यांची रांग. मीही गेले होते. मला सुतळी हवी होती.

मामांनी चौकशी केली. पडलायस का, मुंग्या येतात का, कळ जाती का. सगळ्याला 'न्हाय'. गड्याने चौकट धरली. मामांनी चप्पल काढली. तळवा पुसला. पाय उचलला आणि पाऊल वर आलं. तळवा सरळ, पाची बोटं ताठ. सगळ्या रांगेने ते पाहिलं. कमरेपासून चार बोटांवर तो पाय तसाच थांबला. मामांनी तो मनसोक्त बघून घेतला आणि खाली ठेवून चपलेत घातला.

"जमणार न्हाय."

"का वो मामा? पाय तर आला की!"

"पाय आलाय. पर पाया पडाय कंबर न्हाय आता. डॉक्टरनं वाकायचं बंद केलंय. नुसती लाथ मारणारं तुला कुणीबी मिळंल, त्याला मी कशाला पायजे?" त्यांनी मागे पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "पालथा झोप तितं. छाती उचल. दुखंल तितं थांब."

गडी हलेना. त्याने चौकट सोडली नव्हती. थोडा विचार करून म्हणाला, "मामा, तुम्ही लाथ मारा. तुमच्या वाटणीचं मी पडतो की पाया. फिटंल."

मामांनी त्याच्याकडे वरून खाली पाहिलं.

"वाकाय येतंय व्हय तुला? मग आलायस कशाला? जा घरला."